मेंटेनन्स धरून, लाइट बिल वेगळं: व्हॅलेन्सियातल्या एका घराचा स्पॅनिश हिशेब

पार्श्वभूमी

जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी रात्री व्हॅलेन्सियाहून माझ्या एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. "मॅडम, उद्या व्याकरण नको. घरमालकीणबाईंनी पैसे मागितलेत आणि कशाचे ते मला धड कळत नाहीये." खाली पाच बिलांचे फोटो होते, त्यातला एक उलटा.

मी पुण्यातून ऑनलाइन स्पॅनिश शिकवते. ही मूळची नाशिकची, वय पस्तिशीच्या आसपास. नवऱ्याला तिकडे नोकरी लागली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून दोघांनी फ्लॅट भाड्याने घेतला. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्यामुळे दूधवाल्या दुकानापासून गॅस कंपनीपर्यंत सगळ्यांशी स्पॅनिश बोलायचं ते हिनेच. निघण्याआधी ती आठ महिने माझ्याकडे शिकली होती. क्रियापदं तिला चांगली येत, उच्चारही छान. त, द आणि थ जिभेवर असल्यामुळे स्पेनचे उच्चार आपल्याला तसे सोपे जातात.

पैशाच्या शब्दांची १२० ओळींची यादी मीच तिला दिली होती. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे इंग्रजी. ती तिने तोंडपाठ केली होती, आणि घोळ त्या यादीतच होता.

ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. हे लिहायला तिची संमती आहे. वाचून तिने दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं.

अडचण

फ्लॅटच्या जाहिरातीत लिहिलं होतं: ८५० युरो, 'गास्तोस दे कोमुनिदाद इन्क्लुइदोस'. यादीत 'गास्तो'समोर 'एक्सपेन्स' होतं आणि 'इन्क्लुइदोस' तर सरळच आहे. म्हणजे सगळा खर्च भाड्यात आला, असं नवरा-बायकोने ठरवून टाकलं. मधल्या 'दे कोमुनिदाद'कडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. 'काहीतरी कम्युनिटीचं' म्हणून ते सोडून दिलं.

सह्या करताना मालकीणबाई, वय सत्तरीच्या पुढे, स्पष्ट बोलल्या होत्या: 'लोस सुमिनीस्त्रोस ओस लोस कोब्रो आपार्ते.' 'सुमिनीस्त्रोस' म्हणजे वीज, पाणी, गॅस. हा शब्द माझ्या यादीत नव्हताच. 'कोब्रो' हिला इंग्रजीतल्या 'कव्हर'सारखा ऐकू आला. बाई म्हणत होत्या, वीज-पाणी-गॅसचे पैसे मी तुमच्याकडून वेगळे घेईन. हिने ऐकलं, ते मी बघते. तिने हसून 'ग्राथिआस' म्हटलं. बाईंनाही वाटलं, ठरलं.

तीन महिने बिलं मालकीणबाईंच्या खात्यातून जात राहिली. जानेवारीत त्यांनी सगळ्यांचे फोटो पाठवले आणि फोनवर बेरीज सांगितली: ४२१,३० युरो. (तिकडे दशांशाला स्वल्पविराम देतात. त्यावर पुढे येतेच.)

वेळही नेमकी वाईट होती. स्पेनमध्ये या दिवसांना 'क्वेस्ता दे एनेरो' म्हणतात, म्हणजे जानेवारीचा चढ. नाताळ होऊन गेलेला असतो, ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणाच्या भेटवस्तू देऊन झालेल्या असतात आणि खिसा रिकामा असतो. या दोघांनी सण केला नव्हता, पण जाड कोट, रजया आणि हीटर यांत तेवढेच पैसे गेले होते. नवरा चिडला. परकं बघून लुबाडतायत, असं त्याचं मत. हिचं मत ठरत नव्हतं, कारण बाई मनाने चांगल्या वाटत होत्या.

मला मात्र फोटो बघताच आधी लाज वाटली. 'गास्तोस दे कोमुनिदाद' म्हणजे आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स. जिना, लिफ्ट, सफाई, सामाईक दिवे. नाशिकमध्ये एखाद्या एजंटने 'भाडं मेंटेनन्स धरून, लाइट बिल वेगळं' असं सांगितलं असतं, तर हिने दुसऱ्यांदा विचारलंही नसतं. व्यवहार तिच्या पूर्ण ओळखीचा होता. मी तिला तो इंग्रजीच्या एका शब्दातून दाखवला आणि तो तिच्यासाठी परका झाला.

कायद्यानेही बाईंची बाजू भक्कम होती. स्पेनचा १९९४ चा घरभाडे कायदा सांगतो की ज्या सेवेचा वेगळा मीटर आहे तिचा खर्च भाडेकरूचाच. भांडून मिळण्यासारखं काही नव्हतं. निदान तेव्हा तरी तसं वाटलं.

कोणते पर्याय होते

सोमवारच्या तासाला आम्ही तिघं बसलो, नवराही कॅमेऱ्यापुढे आला. त्याला पैसे भरून विषय संपवायचा होता. संबंध बिघडत नाहीत आणि रात्रीची झोप लागते, हे त्याचे मुद्दे, आणि ते चुकीचे नव्हते. दुसरा मार्ग होता 'खेस्तोरिआ'चा. तिकडे कागदपत्रांची कामं पैसे घेऊन करून देणारी अशी ऑफिसं असतात. पण पाच बिलं वाचायला माणूस लावायचा, तर पुढच्या महिन्यातही लावावा लागेल. भाषांतराचं अ‍ॅप तिने रविवारी रात्रीच वापरून पाहिलं होतं. त्याने 'आबोनो'चं भाषांतर 'खत' असं केलं. अर्थ चूक नाही, 'आबोनो' म्हणजे खतही. बसचा पासही. पण बँकेच्या कागदावर तो शब्द वेगळंच सांगतो. सरकारी भाषाशाळेचं नावही निघालं. तिथले प्रवेश ठरलेल्या काळातच होतात आणि बिलं तोवर थांबणार नव्हती.

माझ्या मनात पाचवाच मोह होता: यादी वाढवून २०० शब्दांची करावी आणि पाठवून द्यावी. शिक्षकाला यादी केली की काम झाल्यासारखं वाटतं. तो मोह मी आवरला.

शेवटी ठरलं ते असं. मालकीणबाईंकडून आठवडाभराची मुदत मागायची आणि त्या आठवड्यात फक्त या पाच कागदांवर काम करायचं. तिने आदरार्थी रूप वापरून लिहिलं, 'देखेमे मिरार्लो, पोर फाबोर', म्हणजे मला जरा बघू द्या. लगेच उत्तर आलं: 'तुतेआमे, इखा.' अगं, मला 'तू' म्हण पोरी. सत्तरीच्या बाईला 'अगं-तुगं' करायला हिची जीभ महिनाभर वळली नाही.

काय केलं: कागद

पहिल्या तासाला शब्दकोश बंद. नुसते आकडे आणि तारखा वाचायच्या. स्पॅनिश कागदावर १.०५० म्हणजे एक हजार पन्नास आणि १,०५ म्हणजे एक युरो पाच सेंट. टिंब आणि स्वल्पविराम यांची जागा आपल्या उलट. ऑक्टोबरात एका दुकानाबाहेर '१.१९९ €' लिहिलेला टीव्ही बघून नवऱ्याने क्षणभर सव्वा युरोचा आनंद साजरा केला होता म्हणे.

मग प्रत्येक कागदावर परत परत येणारे शब्द तिनेच शोधले. पाच निघाले. 'इम्पोर्ते' म्हणजे रक्कम. 'तितुलार' म्हणजे बिल ज्याच्या नावावर आहे तो. 'कोन्सुमो' म्हणजे वापर. उरलेले दोन महत्त्वाचे ठरले: 'फेचा दे एमिसिओन' ही बिल काढल्याची तारीख आणि 'पेरिओदो दे फाक्तुराथिओन' हा ज्या दिवसांचं बिल आहे तो काळ.

पाण्याच्या एका बिलावर काढल्याची तारीख ऑक्टोबरातली होती. पण तिकडे त्यांचं पाण्याचं बिल दोन महिन्यांनी येतं, आणि या बिलाचा काळ होता ऑगस्ट-सप्टेंबर. तेव्हा हे दोघं नाशिकमध्ये सामान बांधत होते. रक्कम ४६,८० युरो.

ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे हे आमचं नाहीच." मला वाटतं त्या आठवड्यातलं खरं वळण तेच होतं. तोवर ती शब्द ओळखत होती, त्या दिवशी तिने पहिल्यांदा बिल वाचलं. भरून मोकळं व्हायचा नवऱ्याचा पर्याय तोवर आपोआप मागे पडला होता.

काय केलं: क्रियापदं

दुसऱ्या तासाला यादीतला इंग्रजीचा रकाना मी खोडायला लावला आणि तिथे मराठी लिहायला सांगितली. एकेका शब्दाऐवजी घरात बोलतो तशी पूर्ण वाक्यं.

इथे जे सापडलं ते मला पंधरा वर्षं शिकवूनही इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. पैसे पुरत नाहीत हे स्पॅनिशमध्ये 'नो मे येगा'. शब्दशः, मला पोचत नाही. करणारा 'मी' वाक्यात नाहीच, पैसेच मला पुरतात किंवा पुरत नाहीत. मराठीची रचना अगदी हीच. 'मे फाल्तान वेइन्ते एउरोस', मला वीस युरो कमी पडतात. 'मे सोब्रान वेइन्ते', वीस वर उरतात. 'मे केदान वेइन्ते', वीस शिल्लक आहेत. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे महिनाभर अडखळतो, कारण त्याला प्रत्येक वाक्यात 'आय हॅव' हवं असतं. आपल्याला हे आजीच्या हिशेबाच्या वहीपासून येतं. 'ते देबो दिएथ एउरोस' तर सरळ 'मी तुझे दहा युरो देणं लागते'.

बँकेच्या कागदावरचे 'कार्गो' आणि 'आबोनो' हे दोन रकाने तिला अ‍ॅपने छळत होते. मी म्हटलं, नावे आणि जमा. तिचे वडील किराणा दुकान चालवायचे. पुढे काही सांगावं लागलं नाही.

'कोब्रार' मात्र मराठीत एका शब्दात बसत नाही. दुकानदार 'ते कोब्रो' म्हणाला तर तो पैसे घेतोय. नोकरदार 'कोब्रो एल वेइन्तिओचो' म्हणाला तर त्याचा पगार २८ तारखेला होतो. कॅफेत बिल द्यायचं असेल तर गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, 'मे कोब्रास?', म्हणजे माझे पैसे घेतोस का? समान धागा एकच: पैसा ज्याच्या हातात येतो, तो 'कोब्रार' करतो. आणि देणारा 'पागार' करतो. हे एकदा पक्कं झाल्यावर तिला सह्या करतानाचं ते वाक्य आपोआप आठवलं. "अरे देवा, बाईंनी सांगितलं होतं की!"

मराठी सगळीकडे तारून नेते असंही नाही. आपण बिल भरतो, बँकेत पैसे भरतो आणि फॉर्मही भरतो. स्पॅनिशमध्ये ही तीन वेगळी क्रियापदं: पागार, इन्ग्रेसार, रेयेनार. तिने एकदा बँकेत जाऊन शंभर युरो 'पागार' करायचे आहेत असं सांगितलं होतं, आणि समोरचा माणूस बिचारा विचारत राहिला, कशाचे? 'रेन्ता'चंही तसंच. भाड्याच्या करारात 'रेन्ता' म्हणजे भाडं, बोलताना भाड्याला 'आल्किलेर', आणि एप्रिल ते जूनमध्ये सगळे 'रेन्ता' करायची म्हणतात तेव्हा ते प्राप्तिकराचं विवरणपत्र असतं.

काय केलं: फोन

तिसरा तास फोनच्या तालमीचा. मी मालकीणबाई झाले. तिने तीन वाक्यं तयार केली होती. पाण्याचं हे बिल ऑगस्ट-सप्टेंबरचं आहे. आम्ही १ ऑक्टोबरला राहायला आलो. उरलेले दोन हप्त्यांत दिले तर चालेल का? शेवटचं तिने 'पोदेमोस पागार्लो एन दोस प्लाथोस?' असं केलं. क्रम कसा ठेवायचा यावर आमचं थोडं वाजलं. मी म्हणत होते, आधी मान्य करा की देणं आहे, मग चूक दाखवा. तिला आधी चूक दाखवायची होती. तिने माझं ऐकलं. ते बरोबर होतं की नुसता माझा संकोच, हे मी अजून ठरवू शकलेली नाही.

प्रत्यक्ष फोन चार मिनिटांचा झाला. बाईंनी चष्मा शोधला, बिल पाहिलं आणि म्हणाल्या, 'तिएनेस राथोन, इखा.' तुझं बरोबर आहे पोरी. मग नवी बेरीज सांगितली: ३७४,५०. दोन हप्ते कबूल झाले.

पहिले २०० त्याच आठवड्यात गेले. फेब्रुवारीत तिने उरलेले पाठवले, १६४,५०. संध्याकाळी दोनच शब्दांचा मेसेज आला: 'फाल्तान दिएथ.' दहा कमी आहेत. फोनवर 'सेतेन्ता' (सत्तर) हे तिने 'सेसेन्ता' (साठ) ऐकलं होतं. दोन्हींत फरक एका अक्षराचा. फोनवरची रक्कम लिहून मागवायची, हे तालमीत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गंमत म्हणजे 'फाल्तान' हे क्रियापद तिला तेव्हा लगेच कळलं, आणि ती जास्त खूश त्याच्यावरच होती.

बाजार

हा भाग ठरवलेला नव्हता. फेब्रुवारीत तीच म्हणाली, बिलं महिन्यातून एकदा येतात, भाजी रोज लागते. खरंच होतं. 'मेर्कादो थेन्त्राल' या तिथल्या मुख्य बाजारात रोज भाव बदलणाऱ्या मालाला 'आ क्वान्तो एस्तान?' विचारतात, म्हणजे टोमॅटो कसे दिले? पिशवी भरून झाल्यावर 'क्वान्तो एस?', किती झाले? आणि कपाटावरच्या पातेल्याला 'क्वान्तो क्वेस्ता?', केवढ्याला? माझ्या जुन्या यादीत तिन्हींसमोर 'हाऊ मच' होतं.

तिचा आवडता शब्द 'क्वार्तो इ मिताद'. पाव किलो आणि पावाचं निम्मं, म्हणजे ३७५ ग्रॅम. सव्वा, दीड, पावणेदोन बोलत वाढलेल्या माणसाला त्यात नवल नाही. चीजच्या गाळ्यावर तिने तो पहिल्यांदा वापरला तेव्हा विक्रेत्याने मान वर करून पाहिलं म्हणे.

काय झालं

एप्रिलपर्यंत विजेचं आणि गॅसचं बिल त्यांच्या नावावर आलं, त्याला 'कांबिओ दे तितुलार' म्हणतात, आणि पैसे आता त्यांच्याच खात्यातून परस्पर जातात. पाणी बाईंनी स्वतःच्या नावावर ठेवलं. कारण विचारायला हिला धीर झाला नाही.

विजेच्या बिलात दोन भाग असतात हे कळल्यावर (एक वापराचा, दुसरा 'पोतेन्थिआ'चा, म्हणजे एकाच वेळी किती किलोवॉट ओढता येतील त्याचा) नवऱ्याने पोतेन्थिआ कमी करून घेतली. त्यांच्या दरयोजनेत शनिवार-रविवार दिवसभर वीज स्वस्त, म्हणून धुणं, इस्त्री, केक सगळं रविवारी. एका रविवारी तिन्ही एकत्र चालू होतं आणि अंधार. तिने शेजारणीला सांगितलं, 'से आ इदो ला लुथ.' लाइट गेली. वाक्य बरोबर होतं, फक्त शेजारणीची गेली नव्हती.

मेमध्ये बॉयलर बिघडला. कारागिराने 'प्रेसुपुएस्तो' दिलं. हा शब्द तिला घरखर्चाच्या वहीमुळे 'बजेट' म्हणून माहीत होता, इथे तो कामाचा अंदाजित खर्च होता. मराठीत दोन्हीला 'अंदाजपत्रक' चालतं, हे तिने मला सांगितलं. तळाशी बारीक अक्षरात व्हॅट वेगळा असल्याचं लिहिलं होतं, तेही तिने काम सुरू व्हायच्या आधी विचारून घेतलं. बॉयलरचे पैसे बाईंनी दिले.

एक गोष्ट सुधारली नाही. महापालिकेची पत्रं पुष्कळदा व्हॅलेन्सियन या तिथल्या प्रादेशिक भाषेत येतात. तिथे 'गास्तोस'चं 'देस्पेसेस' होतं, 'आल्किलेर'चं 'ल्योगेर' आणि 'रेथीबो'चं, म्हणजे पावतीचं, 'रेबुत'. स्पेनला निघणाऱ्या कुणालाही मी कधी विचारलं नव्हतं की नक्की कुठल्या शहरात.

पुन्हा वेळ आली तर

'कोब्रार' मी पहिल्या आठवड्यात शिकवेन, 'पागार'च्या जोडीने. आजवर पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने जात होते आणि तो शब्द तिसऱ्या महिन्यात येत होता. 'प्लाता' हा पैशासाठीचा लॅटिन अमेरिकेतला शब्द मी तिला हौसेने शिकवला होता. व्हॅलेन्सियात लोक 'पास्ता' म्हणतात. ते तिला वाण्याच्या दुकानात कळलं आणि क्षणभर तिला वाटलं शेवया विचारतायत.

निघण्याआधी भाड्याच्या तीन खऱ्या जाहिराती एकत्र वाचल्या असत्या तर हे प्रकरण झालंच नसतं, असं ती म्हणते. मला तेवढी खात्री नाही. 'दे कोमुनिदाद' हे दोन शब्द तेव्हाही डोळ्यांखालून निसटलेच असते, कारण रिकामं घर मिळण्याच्या घाईत माणूस 'इन्क्लुइदोस' तेवढंच वाचतो.

मुदत मागायचं मात्र आम्हाला चार दिवस आधी सुचायला हवं होतं. बाईंनी पहिल्यांदा फोन केला तो बुधवारी. रविवारपर्यंत घरात तेवढाच विषय होता, आणि त्या चार दिवसांत नवरा बाईंविषयी जे बोलला ते अजूनही अधूनमधून निघतं. सध्या गॅसच्या बिलावर 'रेगुलारिथाथिओन' नावाची एक ओळ आली आहे, ११,२० युरोची, उणे चिन्हासह. पुढचा तास तिचा.